आभाळाचं भाडं

सोनेगावच्या विमानतळावर, दुसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं त्या खोलीत
मी बिलं काढते.
उतरण्याचे इतके, थांबण्याचे इतके,
वजन टनांत, वेळ मिनिटांत,
रात्री मुक्काम केला तर त्याचे वेगळे.
विमान माझ्यासाठी एक ओळ असते.
आठ वर्षांत एकदाच आत चढले,
तेही साफसफाईच्या प्रतिमासोबत,
कुणाचं तरी पडलेलं कानातलं शोधायला.

सकाळच्या सहा-दहाच्या हैदराबादची फाइल
आता दोरीनं बांधावी लागते.
कंपनी म्हणते, आमचं विमान सतरा रात्री उभं राहिलं
कारण तुमचे दिवे लागत नव्हते.
आम्ही म्हणतो, दिवे चार रात्रींत लागले,
उरलेल्या तेरा तुम्ही चाकाची वाट पाहत होता.
पत्रावर पत्र.
प्रत्येकाच्या खाली ‘आपला विश्वासू’.
खोब्रागडे साहेब त्या दोन शब्दांना
लाल पेनानं गोल करतात, आणि हसत नाहीत.

म्हणतात, पूर्वी इथं मध्यरात्री
चारी दिशांची टपालविमानं उतरायची,
पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत फिरायची.
पत्रांची अदलाबदल आम्ही अजून करतो.
विमान लागत नाही.

मग हिवाळी वेळापत्रक आलं.
सहा-दहाच्या जागी काहीच नव्हतं,
रद्द म्हणून रेघसुद्धा नाही.

धावपट्टीकडेच्या गवतातल्या टिटव्या
अजूनही सहा-दहाला उठून ओरडतात.
शिवणगावचा दशरथ निखाडे
पावणेपाचला टॅक्सी पुसून ठेवतो,
मग तिच्याच मागच्या सीटवर पडून राहतो.
‘झोपायचं म्हटलं तर झोप येत नाही ना मॅडम,’ म्हणतो,
‘अन् उठायचं म्हटलं तर कशासाठी?’

त्या सकाळी नंदाबाई हेडाऊ आल्या, जुन्याच वेळेला.
हैदराबादला डोळे दाखवायचे, दर दोन महिन्यांनी.
खिडकीवरच्या पोरानं सांगितलं,
आता मुंबईवरून जा, आजी.
‘खाली जायाचं तं मंग आडवं काऊन?’
पोराकडे उत्तर नव्हतं.
त्यानं त्यांना माझ्याकडे पाठवलं,
जणू दक्षिण दिशा माझ्या कपाटात आहे.

‘किती पैशाचं भांडण हाय वो बाई?’
मी सांगितलं, अकरा लाख चाळीस हजार.
त्यांनी कमरेची पिशवी अर्धी उघडली होती,
ती हळूच बंद केली.
जरा वेळानं म्हणाल्या,
‘अर्धे घेऊन मिटवून टाका ना.
आमच्या बोरवेलचं आम्ही तसंच केलं.’

खोब्रागडे साहेबांनी पहिल्यांदाच
फाइलीवरून मान वर केली.
म्हणाले काहीच नाही.

‘अन् ते इमान गेलं कुठं?’

हे मात्र मला ठाऊक होतं.
तेच विमान आता रायपूरहून पुण्याला जातं
आमच्यावरून, रोज सहा-पन्नासला.
उतरत नाही.
वरून जाण्याचंही भाडं असतं,
आभाळाचं,
ते परस्पर दिल्लीला भरतात, वेळेवर, न भांडता.
आमच्या खोलीत त्याची पावतीसुद्धा येत नाही.

मी नंदाबाईंना गच्चीत नेलं.
थंडी होती. वर्धा रोडवरून ट्रक जात होते.
त्यांनी हाताची ओंजळ करून कपाळावर धरली,
डावा डोळा मिटला, तोच त्यातल्या त्यात बरा होता,
असं त्यांनी नंतर सांगितलं.
‘दिसत नाही,’ म्हणाल्या.
मग, ‘पण हाय. आवाज येऊन राह्यला.’

खाली आल्यावर मी त्यांना चहा दिला,
मुंबईवरून किती पडेल ते कागदावर लिहून दिलं,
कागदाची त्यांनी आधी लांबून, मग अगदी जवळून
घडी घातली.

रजिस्टरात सहा-दहाचा रकाना अजून छापील आहे,
नवी वही मार्चनंतर येईल.
त्यात मी पेन्सिलीनं लिहिते, रोज :
वरून गेलं.